साडेतीन वर्षांची उमेदवार

सध्या आमच्या घरात एकच प्रोजेक्ट चालू आहे. नाव 'कन्येची शाळा', डेडलाइन डोक्यावर आणि रिक्वायरमेंट दर विकांताला बदलतेय. उमेदवाराचं वय साडेतीन. आत्तापर्यंत आम्ही दोघांनी चार शाळा पालथ्या घातल्या.

पहिल्या तिन्हींत एसी, सीसीटीव्ही आणि पालकांसाठी अ‍ॅप. फी विचारू नका, माझ्या इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांची मिळून तेवढी झाली नव्हती. एका ठिकाणी मॅडमनी कौतुकाने एक जाडजूड फाइल दाखवली, वर्षभराच्या वर्कशीटची. एका पानावर सफरचंद होतं. ते लाल रंगवायचं, रेघेबाहेर जायचं नाही, मग स्टार. सगळ्यांची सफरचंदं लालच होती. एका पोराने निळं केलं होतं. त्याला स्टार नव्हता.

चौथी म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरची साधी बालवाडी. वाळूचा खड्डा, लाकडी ठोकळे, मातीचे गोळे. चार-पाच पोरं एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतत होती आणि बाई शेजारी मांडी घालून नुसत्या बघत होत्या. हे ऐकून माझे बाबा म्हणाले, "पाणी ओतायला पैसे भरायचे? बाथरूममध्ये ओतू दे की फुकट!"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा झेडपर्यंत लिहितो, हेही ऐकवून झालं.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. मे महिन्यात कन्या दोन आठवडे एका समर कॅम्पला गेली होती. तोवर ती भिंतीवर, फरशीवर, माझ्या ऑफिसच्या वहीत बिनधास्त चित्रं काढायची. आठ पायांची गाय, जांभळी आजी वगैरे. कॅम्पहून आल्यापासून खडू हातात घेऊन विचारते, "बाबा, कुठला रंग देऊ? असं बरोबर आहे का?" दोन आठवड्यांत एवढं, तर तीन वर्षांत काय?

मग आपल्या सवयीप्रमाणे वाचायला बसलो. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह सुरू केलं. तिचं एक साधन मला फार आवडलं. लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येक वेगळ्या मापाचा. एखादा दट्टा चुकीच्या खळग्यात बसला, तर शेवटी उरलेला कुठेच बसत नाही. बाईंनी 'चूक' म्हणायची गरजच नाही. मूल स्वतःच सगळं बाहेर काढतं आणि परत मांडतं. अहो, हा तर आपला कंपायलर! फरक इतकाच, की हा शिव्या खात नाही. चूक दाखवण्याचं काम वस्तूकडे असलं, की मूल दर पावलाला मोठ्यांच्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या मे महिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

पाणी ओतण्याचंही तसंच. त्यात मनगट वळतं, नजर आणि हात जुळतात, उंच अरुंद पेल्यातलं पाणी बसक्या वाटीत कमी का दिसतं याचा घोळ डोक्यात चालू होतो. माती मळून बोटांत जोर येतो, तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो. मणी रंगाप्रमाणे वेगळे करणं म्हणजे वर्गीकरण, एकेका ताटलीत एकेक वाटी ठेवणं म्हणजे मोजणीचा पाया. झेडपर्यंतचा प्रवास इथूनच सुरू होतो, फक्त तो फाइलला लावता येत नाही.

आणि हे काही परदेशी खूळ नव्हे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात येतं. तिथल्या गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात. मग या बायकांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं कुठली? शंखशिंपले, बिया, पानं, खडे, जे हाताशी होतं ते. म्हणून ती 'अंगणवाडी'! १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या देशभरच्या केंद्रांना आज हेच नाव आहे. आपण मात्र 'प्ले-बेस्ड' असा इंग्रजी बोर्ड दिसला की चेकबुक काढतो.

बाबांसाठी सरकारी पुरावा लागणारच होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर आहे. बाबांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "धोरणं काय, कागदावर सगळी चांगलीच असतात." हेही बिनतोडच.

तर काल आम्ही चौथ्या ठिकाणी नाव घातलं. बायको म्हणाली, पहिलीत इतरांच्या मागे पडली तर? पडेलही थोडे दिवस. ती भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. पण अक्षरं सहा महिने उशिरा आली तर भरून काढता येतील. 'मला वाटलं म्हणून केलं' म्हणायची हिंमत गेली, तर ती कुठून आणायची?

तुमच्यापैकी जे याच चक्रात असतील, त्यांच्यासाठी तीन प्रश्न. शाळा बघायला जाल तेव्हा एसीऐवजी हे तपासा. भिंतीवरची चित्रं एकमेकांसारखी आहेत का? बाई किती वेळ बोलतात आणि किती वेळ बघतात? आणि मूल हातातलं काम संपवायच्या आत घंटा वाजते का?

असो. उद्या रविवार, आम्हाला डबा आणि एक जादा कपड्यांचा जोड घ्यायचाय. बाईंनी बजावून सांगितलंय, कपडे जुनेच द्या, रोज मळणार आहेत.