उंट बांधायचा राहिला होता

आमच्या अकोल्यात उन्हाळा ही बातमी नसते. पारा ४५ च्या पुढे गेला की बाहेरगावचे लोक फोन करून विचारतात, आणि आपण म्हणतो, "हो, आहे थोडं." मार्च लागला की कूलर माळ्यावरून उतरवायचा, जुनं गवत काढून नवं भरायचं, पंपाला हात लावून बघायचा, टाकीला गंज चढला असेल तर डांबर मारायचं. एवढी तयारी झाली की उन्हाळ्याची तयारी झाली, असंच मीही कित्येक वर्षं समजत होते. कूलरला लाईट लागते, हा विचार त्या तयारीत कुठेच नव्हता.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. जवळपास साडेचौदा तासांचे रोजे. अशाच एका रात्री इफ्तारनंतर तासाभरात मोठा आवाज झाला आणि आख्खा मोहल्ला अंधारात गेला. डीपी उडाली होती. उन्हाळ्यात हे होतं. सगळ्या घरांत कूलर, काही घरांत एसी, एकाच वेळी सगळं चालू. डीपीवर भार किती येतो ते कुणी मोजत नाही. त्यात रात्रसुद्धा तापलेली असली की तिला थंड व्हायला उसंत मिळत नाही. "तासाभरात येईल," असं सगळे म्हणाले. लाईट आली दुसऱ्या दिवशी दुपारी.

अम्मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची. शुगर आणि बीपी दोन्ही. इन्सुलिन चालू असल्याने डॉक्टरांनी रोजे मना केले होते, त्याचं दुःख ती रोज सेहरीला उठून, सगळ्यांना वाढून भरून काढायची. त्या रात्री आम्ही तिला खिडकीजवळ बाजेवर निजवलं आणि मी पुठ्ठ्याने वारा घालत बसले. खिडकीतून येत होती ती झळच. आमचं घर स्लॅबचं, वर काही नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो. भिंतीला हात लावला तरी कळायचं.

भाऊ तरावीहून परतला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. घरात पाऊल टाकताच तो म्हणाला, "बाप रे, घरात किती गरम आहे! मस्जिदमध्ये तर काही कळलंच नाही."

मस्जिद आमच्या दारापासून पन्नास पावलांवर. तिथे चार मोठे कूलर आहेत, जनरेटर आहे, आणि तो मोहल्ल्याच्या चंद्यातून घेतलेला आहे. त्या चंद्यात अम्मीच्या शिलाईचेही पैसे आहेत. तरावी संपली, जनरेटर बंद झाला, कुलूप लागलं. त्याचा आवाज थांबला तेव्हा गल्ली एकदम सुन्न झाली, ते मला अजून आठवतं.

रात्री दोनच्या सुमाराला अम्मी मला माझ्या फुफीच्या नावाने हाक मारू लागली. फुफी जाऊन बारा वर्षं झाली होती. अंग तापलेलं, कातडी कोरडी, शब्द अडखळत होते. मी ओढणी माठात बुडवून तिच्या अंगावर टाकली, भाऊ ऑटो शोधायला धावला. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अजून दोन तास उशीर केला असता तर सांगता आलं नसतं."

अम्मी घरी आल्यावर येणारे जाणारे म्हणत, "अल्लाहची मर्जी. सब्र करा." मीही मान डोलवायचे. पण मनात ती उंटाची हदीस घोळत होती. एका माणसाने रसूलुल्लाहना विचारलं होतं, उंट बांधून अल्लाहवर भरोसा ठेवू की मोकळा सोडून. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. मग आम्ही सोडलेल्या उंटाचा दोष अल्लाहच्या मर्जीवर का घालत होतो?

त्या वर्षी बकरी ईदनंतर मी उंट बांधायला घेतला. काय काय केलं ते सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सुरुवात छतापासून. आमचं आधीचं घर कवेलूचं, मातीच्या जाड भिंतींचं होतं. ते पाडून स्लॅब टाकला तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. पक्कं घर म्हणजे इज्जत. मातीची भिंत दुपारचं ऊन आत यायला वेळ लावते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. आता स्लॅबवर मी दर फेब्रुवारीत चुना मारते. चुना आणि थोडा फेविकॉल, दोन हात. पांढरं छत ऊन परत फेकतं. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं कामही त्यात आलं. आमच्याकडे त्याला खर्च आला तो एका ईदच्या कपड्यांहून कमी.

मग इन्व्हर्टर. दुकानदाराने आधी विचारलं, "काय काय चालवायचं?" मी म्हटलं, "सगळं." तो हसला आणि कागदावर हिशेब मांडला. १५० एएचची बॅटरी म्हणजे १२ व्होल्टने गुणून १८०० वॅट-तास. पण बॅटरी पूर्ण उपसायची नसते आणि वाटेत गळतीही होते, म्हणून हाती बाराशेच्या आसपास धरायचे. आमचा जुना कूलर दोनशे वॅट खातो, म्हणजे सहा तास. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅट, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. एसी दीड टनाचा असेल तर दीड हजाराच्या घरात. त्याचं नावच काढू नका. त्या कागदाने मला शिकवलं की लाईट गेल्यावर घर थंड ठेवता येत नाही, एक खोली ठेवता येते. म्हणून अम्मीची खोली ठरवली. लाईट गेली की सगळे त्याच खोलीत. छोटा कूलर घेतला, खिडकीला वाळ्याची ताटी लावली, आणि टाकीबाहेर दोन कळशा पाणी नेहमी भरून ठेवायला सुरुवात केली. कारण लाईट गेली की नळाची मोटरही जाते आणि पाण्याविना कूलर म्हणजे नुसता पंखा. खोली बंद ठेवून कूलर लावायचा नाही, समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे, नाहीतर दमटपणा साचतो. बॅटरीत डिस्टिल वॉटर घालायचं काम माझ्याकडे. दर दोन महिन्यांनी झाकण उघडून बघते.

आणखी एक गोष्ट त्या रात्रीनंतर कळली. हवा चाळीसच्या वर तापलेली असेल तर कोरड्या अंगावर नुसता पंखा आराम देत नाही, उलट गरम हवा अंगावर ओततो. अंग ओलं करायचं, ओलं फडकं मानेवर ठेवायचं, मग वारा. आपल्या कोरड्या वऱ्हाडी हवेत याचा फार उपयोग होतो.

इन्सुलिनचा प्रश्न वेगळाच. फ्रिज बंद पडला की चार तास फारसं बिघडत नाही, दार उघडलं नाही तर. त्यापुढे काय? मी दोन माठ आणले. मोठ्यात वाळू, वाळूत लहान माठ, वाळू सतत ओली, वर ओलं फडकं. इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, डबीत घालून, आतल्या माठात. सावलीत आणि वाऱ्याच्या जागी ठेवायचं. फ्रिजइतकं गार होत नाही, पण खोलीपेक्षा बरंच. अम्मीने ते बघून म्हटलं, "ये तो हमारी नानी का तरीका है. वो इस में मक्खन रखती थीं."

एवढं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी फक्त आमचा उंट बांधला. शेजारच्या काकूंकडे इन्व्हर्टर नाही. मागच्या गल्लीत पत्र्याची घरं आहेत, तिथे चुना मारायलाही लोक दुपारी कामावर असतात. आणि पन्नास पावलांवर चार कूलर आणि एक जनरेटर कुलूपबंद आहे.

औरंगाबादची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळचा तो हौद. लोक गिरणी बघतात, फोटो काढतात आणि निघतात. पण हौदाखाली एक मोठं दालन आहे. वर पाणी, खाली माणसं. भर उन्हाळ्यात ते गार राहायचं आणि येणाऱ्या यात्रेकरूंना तिथे आसरा मिळायचा. अठराव्या शतकात, विजेशिवाय, आपल्याच लोकांनी हे केलं. इबादतीच्या जागेजवळ थंडावा असावा आणि तो मुसाफिराला मिळावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

मी भावाला घेऊन ट्रस्टींकडे गेले. म्हटलं, रात्री लाईट गेली तर मस्जिद म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी उघडा, बायकांसाठीही. एकांनी विचारलं, "औरतें? मस्जिद में?" मी सांगितलं की रसूलुल्लाहंच्या काळात मस्जिद-ए-नबवीत बायका नमाज पढत होत्या. सांगितलं की पुण्याच्या एका दांपत्याने याच प्रश्नावर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि जानेवारी २०२० मध्ये पर्सनल लॉ बोर्डानेच शपथपत्रात म्हटलं की बायकांना मस्जिदीत येण्याची मनाई नाही. ते ऐकून घेतलं गेलं. उत्तर आलं, "देखेंगे." पुढची दोन वर्षं कोरोनात गेली. नंतर मी पुन्हा गेले, मग पुन्हा. शेवटी मस्जिदीच्या हॉलची गोष्ट राहिली, पण खालच्या मदरशाच्या खोलीला जनरेटरची एक तार ओढली गेली आणि दोन कूलर लागले. दरवाजा बाजूच्या गल्लीतून. हा अर्धा विजय आहे हे मला कळतं. हॉलचा दरवाजा मागणं मी सोडलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात वादळ आलं, खांब पडले, रात्र अंधारात गेली. आमच्या इन्व्हर्टरने पहाटे दोनपर्यंत साथ दिली आणि मग टूं टूं करू लागला. मी अम्मीला उठवलं. ती आधी नाही म्हणाली, मग काठी घेऊन निघाली. काकूंना हाक मारली, त्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. पत्र्याच्या घरांतल्या चौघी आधीच येऊन बसल्या होत्या.

मदरशाच्या उंबऱ्यावर अम्मी थांबली. पन्नास वर्षं या मोहल्ल्यात राहून ती त्या दारातून कधी आत गेली नव्हती. हातात चप्पल घेऊन इकडे तिकडे बघत राहिली. मग मला हळूच विचारलं, "यहाँ औरतों की चप्पलें कहाँ रखते हैं?"

मलाही माहीत नव्हतं. आम्ही त्या दाराशी, पुरुषांच्या चपलांच्या शेजारीच ठेवल्या.