मरवा खुडायचा, दवणा पेरायचा

चैत्र पौर्णिमेला अजून चार दिवस होते. पहाटे साडेपाचला शहापुरातल्या आमच्या जुन्या घरातून गाडी काढली. मागच्या सीटवर पाच वर्षांची मनू, तिच्या शेजारी तिची आई आणि दोघींच्या मध्ये ओल्या पंच्यात गुंडाळलेली दवण्याची जुडी. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आणि तिथून पुढं जोतिबाचा डोंगर. काचा बंद होत्या. संकेश्वर यायच्या आत सगळ्या गाडीत वास भरला, पिकल्या फळासारखा गोडसर आणि त्याच्या मागं थोडा कडवट.

ही जुडी बाजारातली नव्हती. बंगळूरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, चार कुंड्यांमध्ये ती वाढली होती. ती वाढवायला मला तीन वर्षं लागली.

आमच्या आजीला सुवासिक झाडांचं भारी वेड. शहापूरचं घर म्हणजे पुढं सोपा, मध्ये माजघर आणि मागं परडं. परड्यात तुळस, गवती चहा, अबोली आणि दोन मानाची झाडं: मरवा आणि दवणा. बाजारात या दोघांच्या जुड्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. कानडी फुलवाल्या बायका ‘मरुगा’ आणि ‘दवना’ म्हणून हाका देतात. दोन्हींची पानं करडट हिरवी, दोन्ही वेणीत ओवतात. त्यामुळं लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचे. एकदा आजीनं मरवा आणायला पाठवलं आणि मी दवणा उपटून आणला, तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. मरवा खुडला तरी चालतो, दवणा उपटला की संपला.

तुम्हालाही गोंधळ होत असेल तर पान बघा. मरव्याचं पान छोटं, लंबगोल, उंदराच्या कानासारखं मऊ लवेचं. चुरगाळलं की थोडा कापरासारखा, थोडा ओव्याच्या जवळचा वास येतो. दवण्याचं पान गाजराच्या पाल्यासारखं बारीक कातरलेलं, पण रुपेरी झाक असलेलं. त्याला हात नुसता लागला तरी वास बोटांना चिकटतो. मरवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला, तर दवणा शेवंती-झेंडूच्या. दवणा मूळचा आपल्या दक्षिण भारतातला. मरवा मात्र सायप्रस आणि तुर्कस्तानच्या बाजूचा, तिथून येऊन इथं इतका रुजला की त्याला कुणी परका म्हणत नाही. पिझ्झ्यावर भुरभुरतात तो ओरेगॅनो त्याचाच चुलतभाऊ. मनूच्या पिझ्झ्यावर मी एकदा आजीचाच मरवा वाळवून घातला होता, तिनं काही न बोलता खाल्ला.

नोकरीसाठी बंगळूरला आलो तेव्हा आजीनं मरव्याच्या चार काड्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. लावायची रीत सोपी आहे. फुलं न आलेला बोटभर लांबीचा शेंडा घ्यायचा, खालची पानं काढायची आणि निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत खोचायचा. तीन-चार आठवडे सावलीत ठेवला की मुळं धरतो. मग भरपूर ऊन आणि बेताचं पाणी. मी पहिल्या वेळी प्रेमानं रोज पाणी घातलं आणि मुळं कुजवली. वरची माती सुकल्याशिवाय मरव्याला पाणी द्यायचं नाही, आणि जोराच्या पावसात कुंडी आडोशाला घ्यायची, हे मग कळलं. दुसऱ्या वेळी जगला. शेंडे खुडत राहिलं की झुडूप दाट होतं. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडासारखा झाला की त्याच्याच नव्या काड्या लावायच्या. म्हणजे माझ्या बाल्कनीतला मरवा हा आजीच्या परड्यातलाच मरवा आहे. आणि तो तिनं लग्नानंतर गडहिंग्लजहून, माहेराहून आणलेला. एकच झाड, हात तेवढे बदलले.

दवण्यानं मात्र दमवलं. तो एका हंगामाचा पाहुणा. थंडीच्या सुरुवातीला पेरायचा, साडेतीन-चार महिन्यांत बारीक पिवळी फुलं धरतात आणि बी झालं की झाड वाळून जातं. पहिल्या वर्षी मी बी ऑनलाइन मागवलं. एकही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी दुसरीकडून मागवलं, तेही वाया गेलं. इंजिनिअर माणूस, मी तापमान आणि मातीचा पीएच मोजत बसलो. शेवटी आजीला फोन केला.

“बी कधीचं हाय?” तिनं विचारलं.

“पाकिटावर लिहिलेलं नाही, आजी.”

“मग कसं उगवंल रे? दवण्याचं बी म्हातारं झालं की मरतंय. गेल्या साली धरलेलं बी ह्या साली पेरायचं. मरवा काय, खुडला की फुटतोय. दवण्याला दरवर्षी नव्यानं बोलवाय लागतंय.”

दिवाळीत बेळगावला गेलो तेव्हा तिनं काडेपेटीत बी भरून दिलं. राईच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक, फुंकर मारली तर उडून जाईल असं. ते ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून ठेवलं, मग राखेत मिसळून मातीवर विस्कटलं. वर जाड माती घालायची नाही, नाहीतर कोंब दबतो. पाणी झारीनं नाही, फवाऱ्यानं. हे फवारणीचं काम मनूनं घेतलं. आठवड्याभरात हिरवी लव दिसली तेव्हा ती ओरडली, “बाबा, दे आर हिअर!”

मी हसलो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मनूला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, नाहीतर शेजारच्या मुलांबरोबर शिकलेल्या कानडीत. घरात आम्ही दोघं मराठी बोलतो, म्हणजे तिला आपोआप येईल असं मी धरून चाललो होतो. भाषा मरव्यासारखी आहे, एक काडी नेली की झालं, अशी माझी समजूत होती. आजीनं सीमाभागात राहून, सगळे व्यवहार कानडीत करून, आमच्यात मराठी टिकवली ती रोज रात्री गोष्टी सांगून, शुद्धलेखन घालून. ती दरवर्षी पेरत होती, आम्हाला फक्त वास येत होता. त्या दिवसापासून मी फवारणीच्या वेळी मनूशी फक्त मराठीत बोलायचं ठरवलं. रोपं चार-पाच आठवड्यांची झाल्यावर एकेक वीत अंतरावर हलवली, तोवर ‘कोंब’, ‘शेंडा’, ‘राख’, ‘विस्कटणं’ हे शब्द तिच्या तोंडी आले होते. फार नाहीत, पण आले.

कोगनोळीजवळ हद्द ओलांडली आणि पाट्या बदलल्या. मनू खिडकीला नाक लावून अक्षरं लावू लागली. कागल आणि मग कोल्हापूर गेलं. वाडी रत्नागिरीच्या वाटेला लागलो तसे गुलालानं माखलेले लोक दिसू लागले. यात्रेच्या मुख्य दिवशी इथं लाखोंची गर्दी असते, उंच सासनकाठ्या नाचवत येतात. बेळगाव भागातूनही पिढ्यान्‌पिढ्या लोक येतात. म्हणून आम्ही चार दिवस आधी गेलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाल-खोबऱ्याची दुकानं आणि दवण्याचे ढीग. चैत्रात देवांना दवणा वाहायची रीत जुनीच, पण जोतिबाचा दवण्यावर विशेष जीव. एक विक्रेत्या मावशी मनूच्या हातातली जुडी बघून म्हणाल्या, “कुठनं आणलास गं एवढा ताजा?”

मनूनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “आम्ही पेरला.”

देवळात गुलालाच्या धुरळ्यात ‘चांगभलं’चा गजर चालला होता. पुजाऱ्यांनी जुडी घेतली, देवाजवळ ठेवली आणि त्यातलीच दोन डहाळी प्रसाद म्हणून परत दिली. आजीचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. ती डहाळी तिच्यासाठी होती.

संध्याकाळी शहापूरला पोचलो तेव्हा आजी सोप्यात वाट बघत बसली होती. तिनं डहाळी नाकाला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, “बियाला ठेवलास का रे थोडा?”

“ठेवलाय आजी. बंगळूरला दोन झाडं सोडलीत.”

जून महिन्यात हे घर पाडणार आहेत. काका, बाबा सगळ्यांचं ठरलं आहे, त्या जागी अपार्टमेंट होईल आणि आजीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळेल. परडं राहणार नाही. मरव्याची मला काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसून चोवीस काड्या केल्या. पुण्याची आत्या, गोव्याचा चुलतभाऊ, बंगळूरचे आम्ही, सगळ्यांना पुरतील.

दवण्याचं तसं करता येत नव्हतं. निघताना आजीनं देवघरातून एक रिकामी काडेपेटी आणली आणि ती माझ्या हातात न देता मनूच्या हातात दिली.

“बी धरलंस की ह्यात ठेव. दिवाळीला मला आणून दाखव.”

“दाखवते,” मनू म्हणाली.