अंगण तपासायचे कोणी?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मराठीत उच्चारली जाते तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. दोष नाचणाऱ्याचा, आणि अंगणाची तक्रार म्हणजे निव्वळ सबब, असे ती म्हण गृहीत धरते. ते अंगण खरोखर वाकडे होते की सपाट, हे पाहण्यासाठी कोणी पाणसळ, म्हणजे पृष्ठभाग समपातळीत आहे की नाही हे दाखवणारे गवंड्याचे साधन, घेऊन खाली उतरल्याचे म्हणीत कुठेही सूचित होत नाही. बँकेत, तहसील कार्यालयात, शाळेत आणि रेशन दुकानात संगणक आल्यापासून हा जुना न्याय रोज नव्याने लावला जातो. काउंटरच्या एका बाजूने 'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगितले जाते आणि दुसऱ्या बाजूने 'याला काम येत नाही' असे मनात धरले जाते. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला, म्हणजे प्रोग्रामरला, या वादात तटस्थ राहता येत नाही, कारण येथे अंगण बांधणारा तोच असतो आणि तरीही म्हण वापरण्याची सवय त्यालाच सर्वांत जास्त जडलेली असते.

या म्हणीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. 'रांधता येईना ओली लाकडे' असा तो आहे, आणि तो पूर्वार्धापेक्षा अधिक अडचणीचा आहे. अंगणाच्या वाकडेपणाबद्दल मतभेद होऊ शकतात, परंतु लाकूड ओले आहे की वाळलेले हे हाताला कळते. ओल्या लाकडातील पाण्याची वाफ होईपर्यंत आगीची बरीचशी उष्णता त्यातच खर्च होते, धूर कोंडतो आणि भाकरी एका बाजूने करपून दुसऱ्या बाजूने कच्ची राहते. ऐन पावसाळ्यात चुलीसमोर बसलेल्या कोणत्याही स्त्रीला हे शिकवावे लागत नसे. म्हणजे ओल्या लाकडांची तक्रार करणारी रांधणारी खरे बोलत असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. असे असताना म्हणीने तिची तक्रारही सबबीच्याच खात्यात टाकली. लाकडे कोणी आणली, ती पावसात उघड्यावर कोणी ठेवली, हे प्रश्न विचारले गेले असते तर बोट कदाचित चुलीपासून दूर, ओसरीवर बसलेल्या माणसाकडे वळले असते. म्हण कोणी रचली हे सांगता येत नाही. पण ती रचणारा त्या वेळी नाचतही नव्हता आणि रांधतही नव्हता, एवढा तर्क करण्यास हरकत नसावी.

वऱ्हाडात तर हा प्रश्न तात्त्विक राहतच नाही. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांत जी खोल काळी माती आहे, ती बेसाल्टच्या, म्हणजे थंड झालेल्या लाव्हारसाच्या खडकाच्या झिजेतून आलेली असून तिच्यात स्मेक्टाइट गटातील चिकण खनिजे मोठ्या प्रमाणात असतात. या खनिजांची रचना अतिशय पातळ थरांची असते. थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडून गेले की ती आक्रसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की शेतात हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्याच भेगा मिटून जमीन वर उचलली जाते. ज्या अंगणाखाली ही माती आहे त्याची एक बाजू नहाणीच्या पाण्याने कायम फुगलेली आणि दुसरी बाजू उन्हाने खाली बसलेली राहते. मुरूम पसरून, चोपण्याने चोपून, वर शेणाचे सारवण केले तरी खालच्या मातीची हालचाल थांबत नाही. जांभ्याच्या कातळावर वसलेल्या गावात अंगणाची तक्रार हास्यास्पद ठरत असेल. पूर्णेच्या काठी मात्र अंगण दरवर्षी वाकडे होते आणि दरवर्षी वेगळ्या बाजूने होते.

गवंड्यांनी यावर जे उपाय केले त्यांचा इतिहास स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. जुन्या महसुली व्यवहारात लागवडीच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणत. घर बांधायचे ते पांढरीवर, असा त्यामागचा संकेत होता. काळ्या मातीत बांधण्याची वेळ आलीच तर पाया मुरमापर्यंत खाली न्यायचा हा नियम होता, पण पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर इतका खोल आहे की अनेक ठिकाणी मुरूम लागतच नाही. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत ओतण्याची पद्धत विकसित केली; त्या खांबांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात आणि ते मातीच्या हालत्या थराखाली आपला पाय रोवून उभे राहतात. सामान्य घरात मात्र एवढे काही होत नाही. तेथे पावसाळ्यात अडकणारे दार रंधा मारून घासले जाते, बाजेच्या एका पायाखाली चपटा दगड सरकवला जातो, आणि दोन-चार वर्षांत घरातल्या माणसांना तो दगड दिसेनासा होतो. येथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. अंगण वाकडे असल्याचे लपवून ठेवण्याचे काम सर्वांत चांगल्या रीतीने कोणी करत असेल, तर ते चांगला नाचणारा करतो. तो तोल सावरून घेतो, पाऊल तिरपे टाकतो, आणि पाहणाऱ्याला अंगण सपाट वाटते. त्याच्या कौशल्याचाच पुरावा मग दुसऱ्या नवख्या नाचणाऱ्याविरुद्ध वापरला जातो.

संगणकाच्या क्षेत्रात हे सतत घडते, परंतु ते नेहमीच असे घडत होते असे नाही. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुढे भारतातही परवान्याने त्याची 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती तयार झाली. त्याची स्मृती ४८ किलोबाइटची होती, म्हणजे आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रही तिच्यात मावले नसते. आज्ञावली साठवण्यासाठी गाण्यांची साधी कॅसेट आणि घरातला टेपरेकॉर्डर वापरला जाई, आणि मोठी आज्ञावली चढण्यास चार-पाच मिनिटे लागत. ती मधेच अडखळली तर टेपच्या हेडशेजारचा इवलासा स्क्रू बारीक पेचकसाने किंचित फिरवून, कॅसेटचा कर्कश आवाज स्वच्छ आणि तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत हेडचा तिरपेपणा काढला जाई. येथे अंगण अक्षरशः वाकडे होते आणि ते सरळ करण्याचे साधन नाचणाऱ्याच्याच हातात होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या यंत्राच्या त्रुटी-संदेशांत आहे. काही बिघडले की स्पेक्ट्रम पडद्याच्या तळाशी एक अंक किंवा अक्षर आणि चार शब्द दाखवत असे. 'सी' या अक्षराचा संदेश 'नॉन्सेन्स इन बेसिक' असा होता आणि त्याचा अर्थ लिहिणाऱ्याचे वाक्य चुकले असा होई. 'आर' या अक्षराचा संदेश 'टेप लोडिंग एरर' असा होता आणि तो टेपकडे बोट दाखवत असे. नाचणाऱ्याची चूक आणि अंगणाची चूक यांना दोन वेगळी अक्षरे होती. यंत्राच्या पोटातील १६ किलोबाइटची कायमस्वरूपी आज्ञावली, जिला रॉम म्हणतात, तीसुद्धा १९८३ साली इयान लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांनी ओळीओळीने उलगडून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, त्यामुळे तिच्यातील उणिवाही वाचकाला तपासता येत.

या काळाचे गुणगान करण्याचा मोह येथे आवरावा लागतो. हेडचा स्क्रू फिरवण्याची मुभा ज्यांना होती त्यांची संख्या वऱ्हाडात किती असणार? १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले, त्याच सुमारास केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. तरीही घरात संगणक असणे ही सुस्थित आणि इंग्रजी वाचणाऱ्या कुटुंबांचीच गोष्ट राहिली. स्पेक्ट्रमची ती प्रामाणिक अक्षरे इंग्रजी होती. मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावी १९४६ साली जन्मलेले विजय भटकर पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, हा वऱ्हाडाचा रास्त अभिमान आहे. पण त्याच मुरंब्याच्या परिसरातील शेतकऱ्याच्या वाट्याला संगणक आला तो काउंटरच्या पलीकडच्या बाजूने. अंगण सरळ करता येणे हा गुण यंत्राचा होता की मूठभर मालकांच्या ऐपतीचा, हे निश्चित सांगता येत नाही.

सरकारी कार्यालयांतील मराठीचा अनुभव या संशयात भर घालतो. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले, परंतु व्यवहारात प्रत्येक फॉन्ट-निर्मात्याने देवनागरीची अक्षरे स्वतःच्या सोयीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. परिणामी अमरावतीत टंकलेले पत्र अकोल्यात तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे, आणि लिपिकावर संगणक न येण्याचा ठपका बसे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल या संगणक-शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या एमएस-सीआयटी या प्राथमिक अभ्यासक्रमाने लाखो लोकांना संगणकाशी परिचित केले, आणि त्याचे मोल मोठे आहे. तथापि, कोणताही अभ्यासक्रम नाचणाऱ्यालाच शिकवू शकतो. फॉन्टचा दोष युनिकोडमुळे, म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाणामुळे, दूर झाला, प्रशिक्षणामुळे नव्हे.

म्हणीचा न्याय कुठपर्यंत जाऊ शकतो हे ब्रिटनमध्ये दिसले. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सूची 'होरायझन' ही हिशेबप्रणाली बसवली, आणि तिने दाखवलेली तूट खरी मानून २०१५ पर्यंतच्या काळात ९०० हून अधिक उपडाकघरचालकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब यांबद्दल दोषी ठरवण्यात आले. प्रणालीतच दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि २०२४ मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा रद्द करण्यात आल्या. ब्रिटनमधील १९८४ च्या एका कायद्यानुसार संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकले, आणि संगणक बरोबरच चालतो हे गृहीतक उरले. पाणसळ लावण्याची अट उठवली गेली ती नेमकी नवे अंगण बांधले जात असताना.

याचा अर्थ प्रत्येक तक्रार खरी मानावी असा होत नाही. 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर कधी कामचुकारपणाचे पांघरूण असते, हे तहसीलच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि ते वाक्य कधी शंभर टक्के खरे असते, हेही २०१७ च्या कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या वऱ्हाडातील शेतकऱ्यांनी पाहिले आहे. अडचण अशी की दोन्ही वेळा पडदा सारखाच दिसतो. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राच्या काचेवर वेचणी आणि निंदणीने रेषा झिजलेले बोट ठेवले जाते, पदराने पुसून पुन्हा ठेवले जाते, मग दुसरे बोट, मग दुसरा हात. आधारच्या पडताळणीत ३०० या क्रमांकाचा अर्थ ठसा जुळला नाही असा आहे. बोट झिजले, काच मळली की नोंदणीच्या वेळचा ठसाच सदोष होता, यांतील कोणतीही गोष्ट तो क्रमांक वेगळी काढत नाही. मागे उभी असलेली माणसे मात्र बाईचाच अंगठा लागत नाही असे म्हणून मोकळी होतात.

आणि प्रोग्रामरकडे बोट दाखवून तरी हा प्रश्न सुटतो का, हेही स्पष्ट नाही. तोही दुसऱ्याने बांधलेल्या संगणकप्रणालीवर, दुसऱ्याच्या नेटवर्कवर, दुसऱ्याने ठरवलेल्या मुदतीत काम करतो आणि त्याच्याही पायाखाली न पाहिलेले थर असतात. स्पेक्ट्रमच्या १६ किलोबाइटमध्ये दोष कोणाचा हे एका अक्षरात सांगता येत होते. आजच्या प्रणालींत ते सांगता येते की नाही, की सांगण्याची इच्छाच उरलेली नाही, या दोन शक्यतांमधून एकीची निवड करणे कठीण आहे. भारतीय कायद्याने निदान एका ठिकाणी हा प्रश्न विचारला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकातील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडायची तर ते यंत्र नीट चालत होते याबद्दल संबंधित पक्षाचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. रेशन दुकानात त्याच प्रकारच्या यंत्राच्या नकारावरून धान्य नाकारताना असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.