छत्रपतीचे स्त्रीलिंग

मराठीत पाटलाची पाटलीण होते, देशमुखाची देशमुखीण होते. छत्रपतीची मात्र कोणीच होत नाही. कोल्हापूरच्या गादीला ही उणीव विशेष जाणवावी, कारण तिचा उगमच एका स्त्रीच्या कर्तृत्वात आहे. राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून, ताराबाईंनी राज्य चालवले ते अल्पवयीन पुत्राच्या नावाने. पुढे १७६० नंतर जिजाबाईंनी याच गादीचा कारभार पाहिला, तोही दत्तक पुत्राच्या नावाने. सत्ता दोघींच्या हाती. संबोधने मात्र नात्यातली, राणी किंवा आईसाहेब.

रोमान्स भाषांत शब्दांची वाण नाही, तरी अडचण तीच. इटालियनमध्ये 'दुका'ची 'दुकेस्सा' होते, 'कोन्ते'ची 'कोन्तेस्सा'. ग्रीकमधून लॅटिनच्या वाटेने आलेला हा प्रत्यय स्त्रीत्व सांगतो, अधिकार सांगत नाही: दुकेस्सा ही ड्यूकची पत्नी की स्वतःच त्या प्रदेशाची धनीण, हे शब्दावरून कळत नाही. व्हेनिसची 'दोगारेस्सा' तर कायम पत्नीच, कारण दोजेच्या पदावर तिथे स्त्री कधी निवडली गेली नाही. आपली पाटलीणही बहुधा याच जातीची. स्पॅनिशला 'रेइना'पुढे 'प्रोपिएतारिया', म्हणजे स्वामिनी, हे विशेषण जोडावे लागले ते राज्य स्वतःच्या हक्काने करणारी राणी राजपत्नीपासून वेगळी काढण्यासाठी.

'छत्रपत्नी' असा शब्द घडवला, तर तोही याच सापळ्यात सापडेल. पण त्याची गरज आहे काय? 'पती'चे 'पत्नी' हे रूप पाणिनीने यज्ञातील सहभागाशी बांधले आहे (४.१.३३), लगेच पुढच्या सूत्रात मात्र, 'पती'च्या आधी दुसरे पद असल्यास, हा बदल वैकल्पिक ठरवला आहे. म्हणजे घरधनिणीला 'गृहपत्नी'प्रमाणेच 'गृहपती'ही म्हणता येते. २००७ साली प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा शब्द बदलला नाही, हे या न्यायाने योग्यच झाले. 'छत्रपती ताराराणी' हा प्रयोग राज्याभिषेकाचा प्रश्न काढणाऱ्या इतिहासकाराला खटकेल. वैयाकरणाला खटकण्याचे कारण नाही.

दरबारी बोलीने तर सूत्रांची वाट पाहिलीच नव्हती. राजर्षी शाहूंच्या कन्या राधाबाई या 'आक्कासाहेब महाराज' म्हणून ओळखल्या जात. 'आक्का' कानडी वळणाची थोरली बहीण, 'साहेब' अरबी, 'महाराज' संस्कृत आणि उघड पुल्लिंगी. आणि इतके सगळे होऊनही क्रियापद मात्र 'आल्या' असेच.