पाठराखीण

नव्या नवरीला सासरीं पाठवितांना तिच्याबरोबर एक पाठराखीण देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ही पाठराखीण बहुधा वयानें मोठी, चार पावसाळे अधिक पाहिलेली, माहेरची एखादी आत्या, मावशी अथवा वहिनी असावयाची. नव्या घरांत कोणाला काय म्हणावें, कोणत्या वेळीं पुढें व्हावें आणि कोणत्या वेळीं गप्प बसावें, हें ती मुलीच्या कानांत हळूच सांगे. आणि मुलगी रुळूं लागली असें दिसलें कीं आपली पिशवी घेऊन परत येई. ज्या कोणीं ही रीत घातली त्यांनीं मनुष्यस्वभाव चांगला ओळखला होता. मुलगी कितीहि शहाणी असली तरी परक्या घराचे अलिखित नियम नुसत्या शहाणपणानें कळत नाहींत. ते कोणी तरी सांगावेच लागतात.

आतां आपल्या मुली आणखी एका परक्या घरीं जाऊं लागल्या आहेत. तें घर म्हणजे बँक, इस्पितळ, प्रयोगशाळा, न्यायालय, कारखाना. तेथें जाण्यास लागणारी पदवी आपण त्यांना हौसेनें देतों, पहिल्या पगाराचे पेढे वाटतों, आणि मग त्यांना एकट्याच सोडून देतों. परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. प्रवेशद्वाराशीं मुलींची दाटी, आणि वरच्या मजल्यावर मात्र बोटांवर मोजण्याइतक्या स्त्रिया! ठराविक मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक तरी स्त्री असावी, असें २०१३ सालच्या कंपनी कायद्यानें सांगावें लागलें, यांतच सर्व आलें.

मागें वळून पाहिलें तर असें दिसतें कीं, ज्या स्त्रिया पुढें गेल्या त्यांच्यामागें कोणी ना कोणी उभें होतें. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टरीची पदवी मिळविली, हें आपण अभिमानानें सांगतों. गोपाळरावांचा आग्रहहि आपणांस ठाऊक असतो. परंतु न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंचें नांव क्वचितच निघतें. एका मिशनरी मासिकांत छापलेला मजकूर वाचून त्यांनीं कधीं न पाहिलेल्या हिंदु मुलीला पत्र लिहिलें, आणि १८८३ सालीं ती तेथें पोंचली तेव्हां तिला आपल्या घरीं उतरवून घेतलें. १८८७ सालीं आनंदीबाई अकालीं वारल्या. त्यांची रक्षा याच बाईंकडे पाठविण्यांत आली, आणि त्यांनीं ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. पाठराखणीचें नातें याहून जवळचें काय असावयाचें?

ही पाठराखण स्त्रीनेंच केली पाहिजे असेंहि नाहीं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत गेल्या, तेव्हां स्त्री म्हणून त्यांना प्रवेश द्यावयास संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर व्यंकट रामन प्रथम तयार नव्हते. पुढें त्यांनीं अटी घालून घेतलें. त्या परीक्षेच्या काळांत श्रीनिवासय्या या गुरुजींनीं त्यांच्याकडून कसून काम करून घेतलें. तें काम पाहून रामन यांचें मत पालटलें, आणि संस्थेचीं दारें पुढच्या मुलींनाहि उघडलीं. कमलाबाईंनीं १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. एकीची पाठ राखली कीं दहाजणींची वाट मोकळी होते, ती अशी.

आतां मोठमोठ्या संस्थांतून अनुभवी माणसाची आणि होतकरू स्त्रीची जोडी लावून देण्याच्या योजना निघाल्या आहेत. त्या स्तुत्य आहेत. पण त्यांत एक मेख आहे. कॅथी क्रॅम या अमेरिकन विदुषीनें १९८५ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा नात्याचीं दोन अंगें दाखविलीं आहेत: एक कामांत पुढें जाण्यास साह्य करणें, आणि दुसरें मनाला धीर देणें. धीर देणारे पुष्कळ भेटतात. परंतु बढतीची चर्चा चालते त्या खोलींत ती मुलगी नसते; तेथें तिचें नांव घेणारें माणूस हवें. हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं २०१० सालीं हेंच दाखविलें, कीं स्त्रियांना सल्ला पुष्कळ मिळतो, पण त्यांच्यासाठीं आपला शब्द खर्च करणारे वरिष्ठ थोडे. सल्ल्याला खर्च पडत नाहीं, शब्दाला पडतो.

आमच्या घरचीच एक गोष्ट सांगतों. आमच्या धाकट्या सूनबाई एका बँकेंत पंधरा वर्षें नोकरींत आहेत. चार वर्षांपूर्वीं त्यांच्या बढतीची वेळ आली. बँकेंत बढती म्हणजे बहुधा बदली. नातू तेव्हां आठ वर्षांचा. "या खेपेस मी अर्जच करीत नाहीं," असें त्यांनीं जेवतांना सांगून टाकलें. घरांतून मनाई कोणाचीच नव्हती. पण मुलाची शाळा, सासूबाईंचे गुडघे, आणि मनांतली भीति, एवढें पुरें होतें. त्या दिवशीं आमच्या एक चुलत वहिनी घरीं आल्या होत्या. त्या दुसऱ्या बँकेंतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "अगं, अर्ज करून नाहीं म्हणतां येतं, अर्ज न करतां हो म्हणतां येत नाहीं."

त्यानंतरचे पांच रविवार दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं दोघी माजघरांत बसत. मुलाखतींत काय विचारतात, कोणत्या शाखा रिकाम्या होणार, रात्रीच्या गाडीनें घरीं येतां येईल अशा कोणत्या, हें सारें वहिनींनीं उलगडून दाखविलें. "शाखा संभाळायची आहे हें साहेबांना उघड सांग. मनांत ठेवलेली इच्छा फायलींत दिसत नाहीं," असें बजावलें. आपण दोनदां बढती नाकारली आणि मग हाताखालचीं मुलें आपलीं वरिष्ठ झालीं, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. शेवटच्या रविवारीं त्यांनीं घरांतल्या सगळ्यांना बसवून विचारलें, "मुलाचा अभ्यास कोण घेणार? डबा कोण भरणार?" अभ्यास आमच्याकडे आला, डबा चिरंजीवांकडे, आणि सकाळची न्याहारी थोरल्या सूनबाईंनीं आपण होऊन घेतली.

सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं दोन वर्षें गेलीं. तीं सोपीं गेलीं असें आम्ही म्हणणार नाहीं. नातू एकदां तापानें फणफणला, त्या रात्रीं सूनबाईंनीं राजीनामा लिहून ठेविला होता. वहिनी फोनवर म्हणाल्या, "ताप उतरेपर्यंत तो कागद उशीखालीं ठेव." ताप तिसऱ्या दिवशीं उतरला. आज सूनबाई शहरांतील एका शाखेच्या प्रमुख आहेत.

यावरून दोनतीन गोष्टी ठरवितां येतात. पाठराखीण ही मुलीची थेट वरिष्ठ नसावी. जी वर्षाचा शेरा लिहिणार तिच्यापाशीं भीति बोलून दाखवितां येत नाहीं. भेटीची वेळ ठरलेली असावी, "केव्हांहि ये" याचा अर्थ "कधींच येऊं नकोस" असाच होतो. मुलीच्या घराशींहि तिनें बोलावें, कारण पुष्कळ बढत्या कचेरींत नव्हे, स्वयंपाकघरांत अडतात. आणि काम झाल्यावर तिनें परत जावें; जन्मभर बोट धरणें ही पाठराखण नव्हे.

शेवटीं वाचकांना एक विनंति. आपल्यासारख्या घरांत निवृत्त शिक्षिका, डॉक्टर, अधिकारी अशी एखादी आत्या वा काकू असतेच. आपल्या मुलींना ती न मागतां मिळते. परंतु जिच्या घरांत नोकरी करणारी स्त्री हीच पहिली, त्या मुलीनें कोणाकडे पाहावें? आपल्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंची मुलगी कॉलेजांत जात असेल, शेजारच्या चाळींतली मुलगी परिचारिकेचा अभ्यास करीत असेल. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन काढलें, तें स्वतःला मिळालेलें शिक्षण घरांतच न ठेवतां इतर स्त्रियांपर्यंत पोंचविण्यासाठीं. आपल्या घरच्या काकूंना या रविवारीं एवढेंच विचारावें, कीं आठवड्यांतील एक तास त्या अशा एका मुलीला देतील काय. बहुतेक काकू हो म्हणतील. त्यांना आजवर कोणीं विचारलेलेंच नसतें.