पोटातले पाणी

मोटार चांगली की वाईट, हे ठरवायला मराठी माणसाला कोणतेही यंत्र लागत नाही. प्रवासाहून आलेला पाहुणा ‘पोटातले पाणी हलले नाही हो!’ असे म्हणाला की मोटार पास. किंमत किती, इंजिन केवढे, हे प्रश्न नंतरचे. आणि या परीक्षेचा परीक्षक म्हणून नाशिककरासारखा लायक माणूस मिळायचा नाही. नाशिक रोड स्टेशनापासून पंचवटीपर्यंत टांग्यातून हिसके खात आलेली पिढी इथे अजून घराघरांत आहे आणि तिचीच नातवंडे आज समृद्धी महामार्गावरून मुंबई गाठतात.

शिवाय मोटार ही नाशिकच्या घरचीच लेक. महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ साली इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. २००७ साली आली लोगन. रूपाने साधीच, पण पूर्व युरोपातल्या खडबडीत रस्त्यांचा विचार करून मुळात फ्रेंच कंपनीने आखलेली. तेव्हा चांगली चाल ही केवळ श्रीमंतांच्या मोटारींची मिरासदारी नव्हे, हे नाशिकला नव्याने सांगायला नको.

तरी आमच्या घरात हा वाद पेटलाच. निमित्त आत्याबाईंच्या कण्याचे. वय अठ्ठ्याहत्तर, आणि दर तीन महिन्यांनी मुंबईच्या डॉक्टरांची वारी. धाकट्या भावाने ठरवले की छोटी मोटार काढायची, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम मोडायची, वर कर्ज घ्यायचे आणि उंची मोटार आणायची. “आत्याच्या पाठीपुढे पैसा काय!” हे त्याचे म्हणणे. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी चहात साखर नव्हती.

मी मध्यम मार्ग सुचवला. एक वारी आपल्या छोट्या मोटारीने करायची आणि दुसरी भावाच्या मित्राच्या उंची मोटारीने. रस्ता तोच. निकाल आत्याबाई देतील.

या परीक्षेला नाशिक-मुंबई रस्त्याइतका चांगला कागद नाही. घराबाहेरच गतिरोधकांची रांग. मग विल्होळी, घोटी आणि इगतपुरीपर्यंतचा जुना महामार्ग, त्यावर पावसाळ्याने ठेवलेल्या खुणा. इगतपुरीला दोन वाटा फुटतात. एक कसाऱ्याच्या घाटातून वळणे घेत उतरते. दुसरी म्हणजे ५ जून २०२५ रोजी खुला झालेला समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा. त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. जिथे पूर्वी घाटातल्या मालमोटारींमागे बसून माणसे देवाचे नाव घेत, तिथे आता काही मिनिटांत डोंगर मागे पडतो.

पहिल्या वारीत छोटी मोटार. गतिरोधकांवर ती बिचारी बऱ्यापैकी वागली. पण समृद्धीच्या सिमेंटवर वेग वाढताच चाकांची घरघर आत शिरली आणि बोगद्यात तर ती चहूबाजूंनी परतून आली. आत्याबाई काहीतरी सांगत होत्या, मी मागे वळून तीनदा “काय?” म्हटले. चौथ्यांदा त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

दुसऱ्या वारीत उंची मोटार. दार लागले आणि नाशिक शहर जणू बाहेरच राहिले. बोगद्यात आत्याबाईंनी हळू आवाजात माहेरच्या वाड्याची गोष्ट सांगितली, ती आम्ही शब्दन्‌शब्द ऐकली. परंतु घोटीच्या अलीकडे एका खड्ड्यावर त्या “आई गं!” म्हणाल्या, तेही तितकेच स्वच्छ ऐकू आले. तो धक्का छोट्या मोटारीतल्या धक्क्याहून टोकदार होता.

हे कसे? तर चाल आणि शांतता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानदार त्या एकाच पुडीत बांधून विकतो, एवढेच. स्प्रिंगांवरची मोटार सेकंदाला एक-दीड वेळा संथपणे खालीवर झाली, तर ती अंगाला मानवते. सेकंदाला चार ते आठ हिसके बसू लागले की पोट आणि कणा त्याच तालावर हलू लागतात. उलट दोन सेकंदांहूनही संथ झोके बसले तर कित्येकांना ‘गाडी लागते’. आता टायर पाहा. त्यावर १४५/८० असे लिहिले असेल, तर रबराची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. रुबाबदार मोठ्या चाकावरचा २४५/४० हा टायर मात्र ९८ मिलिमीटरच उंच. रुंदी वाढली, पण खड्डा गिळणारी रबराची उशी पातळ झाली.

साध्या मोटारीलाही मऊ चाल देता येते. सित्रोएनने १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या ‘दे शव्हो’ या शेतकऱ्याच्या मोटारीसाठी अटच अशी होती की, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडे फुटता कामा नये. आपल्या द्राक्षबागायतदारांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको!

पैसा खरा दिसतो तो शांततेत. दारांना रबराच्या दुहेरी पट्ट्या, दोन काचांत पातळ पडदा चिकटवलेल्या खिडक्या, पायांखाली आवाज अडवणारे जड थर. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो; म्हणून थोडी बचतही मोलाची. १९५८ साली रोल्स-रॉइसची एक जाहिरात जगभर गाजली. ताशी ६० मैलांच्या वेगात मोटारीतल्या घड्याळाचाच काय तो मोठा आवाज, अशी तिची बढाई होती. आजच्या विजेच्या मोटारीत इंजिनच नाही, म्हणून टायरांची कुरकुर उलट अधिक जाणवते.

आत्याबाईंनी निकाल दिला तो असा : “अरे, त्या मोटारीत कानाला सुख आणि ह्या मोटारीत पाठीला. मला तुम्ही नेता आहात तो पाठीसाठी. पोरीचे पैसे पोरीलाच राहू देत.” वहिनींच्या चहात त्या दिवशी साखर थोडी जास्तच होती.

छोट्या मोटारीचे कडक झालेले जुने टायर बदलले. हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच ठेवली. दारांच्या विटलेल्या रबरी पट्ट्या नव्या बसवल्या. आत्याबाई आता पुढे बसतात, कारण छोट्या मोटारीची मागची बैठक जवळजवळ चाकांवरच येते. समृद्धीवर आम्ही ताशी ऐंशीच्या पुढे जात नाही, आणि घरघर पुष्कळ उतरते.

राहिला रस्ता. बोगद्यातल्या सपाट सिमेंटवर दोन्ही मोटारींत पोटातले पाणी सारखेच स्थिर होते. घोटीच्या अलीकडे दोहोंत हलले. खड्डा बुजला की लाखाच्या आणि कोटीच्या मोटारीला एकदमच सुख होते. या दिवाळीत नाशिकला येणार असाल तर निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासा, वडीलधाऱ्यांना पुढची जागा द्या, आणि इगतपुरीला उतरून त्यांना जरा पाय मोकळे करू द्या.