गेटवरची पत्र्याची केबिन आणि खानापूरचा माठ



नंदगडला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, ‘तुमच्या मुंबईत एवढा समुद्र, मग उकाडा कसला हो?’ विचारणाऱ्याचं चुकत नाही. आपल्या खानापूर तालुक्यात दोन-चार दिवस चांगलं तापलं की दुपारनंतर ढग येतात, वळीव पडतो, कौलं निवतात आणि रात्री पांघरूण शोधावं लागतं. मुंबईत ही सोय नाही. तिथला सगळा कारभार समुद्रावरच्या वाऱ्यावर. तो दुपारच्या आत कामावर हजर झाला तर मार्चमध्ये पारा ३३ च्या आसपास राहतो. पण पूर्वेकडून, जमिनीवरून तापलेला वारा जोर करून असला की हा समुद्रवारा एक-दोन वाजेपर्यंत आत येतच नाही. तेवढ्या वेळात पारा चढायचा तेवढा चढून जातो. संध्याकाळी वारा येतो, पण दमटपणा घेऊन. मग घाम वाळत नाही आणि झोप लागत नाही. हवामान खात्यानंसुद्धा म्हणूनच माप वेगळं ठेवलंय. उष्णतेची लाट म्हणायला सपाट प्रदेशात निदान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरे, फक्त ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवेत.

मार्च २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात, रामनवमीच्या सुमारास, सांताक्रूझच्या वेधशाळेत ४१ अंशांची नोंद झाली. मार्चमधला सात वर्षांतला उच्चांक. (मार्चचा जुना विक्रम १९५६ सालचा, ४१.७ चा, तो तरीही शाबूत राहिला. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकड्यांची ही खोड काही जात नाही.) मी निवृत्त होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. उपनगरात चिरंजीवांकडे आमचा मुक्काम. घरात एसी होता, पण आमच्या हिला त्यानं सर्दी होते. म्हणून दारं-खिडक्या बंद, पडद्यांवर ओलं कापड आणि सकाळ-संध्याकाळ नाचण्याची आंबील, असा नंदगडचा शिरस्ता आम्ही तिथंही चालवला होता. सूनबाई हसायची, पण आंबील प्यायची.

त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला गेटवर सारखे हॉर्न ऐकू येऊ लागले. कोणी गेट उघडेना. खाली जाऊन बघतो तर वॉचमन केबिनमध्ये खुर्चीवरून घसरलेला. चेहरा लालबुंद, अंगाला हात लावला तर तवा. डोळे उघडे, पण माणूस ओळखत नव्हता. काहीतरी पुटपुटत होता. भोवती चार-पाच जण जमले. कोणी म्हणे प्यायलाय, कोणी म्हणे फिट आली. मी कान जवळ नेला. तो म्हणत होता, ‘एम्मी नेरळिगे कट्टु.’ म्हैस सावलीत बांध. इतके महिने आम्ही सगळे त्याच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होतो आणि हा गडी निघाला गुलबर्ग्याकडचा! सीमाभागात वाढलेल्याला कन्नड काही शिकवावं लागत नाही. मी कन्नडमध्येच सांगितलं, ‘बांधली रे, बांधली सावलीत.’ तेव्हा कुठं तो हात झाडायचा थांबला आणि आम्हाला उचलू दिलं.

बी विंगमध्ये एक डॉक्टरबाई होत्या, त्यांनी फोनवर सांगितलं तसं केलं. पार्किंगच्या सावलीत आडवा केला, पट्टा आणि तो जाड टेरिकॉटचा शर्ट काढला, मानेवर, काखेत, जांघेत ओले टॉवेल ठेवले, कोणीतरी पेडेस्टल फॅन आणला. तोंडात पाणी घालायला एक जण सरसावले होते, त्यांना बाईंनी थांबवलं. माणूस पुरता शुद्धीवर नसेल तर पाणी श्वासनळीत जातं. मग रिक्षात घालून म्युनिसिपल हॉस्पिटल. ते उष्माघातच म्हणाले. अजून तासभर गेला असता तर अवघड होतं, असंही म्हणाले. दोन दिवस ठेवून घेतलं.

तिथं त्याच्या खाटेशी बसलो असताना मी विचारलं, ‘अरे, तुमच्याकडं तर याहून ऊन असतं, मग इथं कसा पडलास?’ त्यानं सांगितलं ते ऐकून मी गप्पच झालो. गावाकडं दुपारी कोणी उन्हात राबत नाही, लिंबाखाली पडतात. इथं बदली माणूस न आल्यामुळे सलग तिसऱ्या दिवशी डबल ड्युटी. रात्रीची झोप नाही. केबिनला वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा. आणि मुख्य म्हणजे तो दिवसभर पाणीच पीत नव्हता. संडास मागं पंपरूमजवळ. तिथं जायचं तर गेट सोडावं लागतं. गेट सोडलं की कोणीतरी तक्रार करणार, तक्रार झाली की एजन्सी पगार कापणार. म्हणून सकाळी एक तांब्या, त्यानंतर एकदम रात्री.

दोन दिवसांनी कमिटीची बैठक झाली. केबिन बदलायची तर जनरल बॉडीत ठराव लागेल, असं उत्तर आलं. नियमाला धरूनच होतं ते. मी स्वतः जन्मभर हेच बोललोय काउंटरच्या पलीकडून! पण नियमात एक फट असतेच. किरकोळ दुरुस्तीचा खर्च ठरावाशिवाय करता येत होता. पत्र्याला बाहेरून पांढरा चुना, वर बांबूवर गोणपाट, आणि एक जुना टेबलफॅन. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं, व्हाउचर मीच लिहून दिलं. डबल ड्युटीबद्दल एजन्सीला पत्र गेलं, त्याचा मसुदाही माझाच.

राहिला प्रश्न गेट सोडण्याचा. त्यावर आम्ही तीन पेन्शनरांनी तोडगा काढला. एक रेल्वेतले, एक शाळामास्तर आणि मी. दुपारी बारा ते चार एकेकानं पाळी लावून जिन्याखालच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचं. वॉचमननं तेवढ्यात हात-पाय धुवावेत, पाणी प्यावं, घटकाभर पाठ टेकावी. घरी थोडा विरोध झाला. ‘या वयात गेटवर बसणार?’ पण घरात पेपर वाचत बसायचं ते खाली बसून वाचलं, एवढाच फरक. एकदा कुरिअरवाल्या पोरानं मास्तरांना विचारलं, ‘चाचा, नये आये हो क्या?’ मास्तरांनी शांतपणे सही करून पाकीट घेतलं.

पिण्याच्या पाण्यासाठी मी गावाहून माठ मागवला. खानापूरची लाल माती आणि तिथले कुंभार आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहेत. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. भाच्यानं गोधडीत गुंडाळून रात्रीच्या बसनं, मांडीवर ठेवून आणला. मुंबईच्या दमट हवेत माठातलं पाणी गावाइतकं गार होत नाही, कारण बाहेरचा ओलावा उडाला तरच आतलं पाणी निवतं. तरी त्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवला. वॉचमनसाठी ठेवलेल्या त्या माठावर मोलकरणी, पोस्टमन, डिलिव्हरीवाले असे सगळेच पाणी प्यायला लागले आणि दिवसातून तीनदा भरावा लागायला लागला.

लॉकडाऊनमध्ये तो गावी गेला तो परत आला नाही. शेती आणि दोन म्हशी बघतो. १६ एप्रिल २०२४ ला सांताक्रूझला ३९.७ अंश झाले, तेव्हा त्यानं टीव्हीवर बघितलं असावं. संध्याकाळी फोन आला. तब्येत, पोरंबाळं सगळं झाल्यावर विचारतो, ‘काका, माठ आहे का अजून?’ म्हटलं, पहिला फुटला, दुसरा आहे. मग म्हणाला, ‘आणि गेटवर आता कोण? त्याला पाणी प्यायला सोडता नव्हं?’